‘ते क्येरो’ला मराठीत काय म्हणायचं? होणाऱ्या वहिनीचं पत्र लग्नात वाचायचंय

मिरजकर_तिकटी

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण नीट वाचून सांगा, डोक्याचा पार भुगा झालाय. माझा दादा चार वर्षं झाली स्पेनमध्ये वालेन्सियाला नोकरीला आहे आणि तिथल्याच मुलीशी त्याचं लग्न ठरलंय, डिसेंबरात इथं कोल्हापुरातच आहे लग्न, हॉल बुक झाला, गुजरीत जाऊन मंगळसूत्र पण करून झालं. तर तिकडं लग्नात नवरा नवरी एकमेकांसाठी काहीतरी लिहून आणतात आणि सगळ्यांसमोर वाचतात. वहिनीनं (आत्तापासूनच वहिनी म्हणते मी) दादासाठी दीड पान लिहिलंय. ती ते स्पॅनिशमध्ये वाचणार आणि लगेच मागोमाग मी मराठीत वाचायचं असं ठरलंय. समोर पहिल्या रांगेत आज्जी, कागलच्या आत्या, आईच्या भिशीतल्या सगळ्या बायका.

मी दोन वर्षं ऑनलाइन क्लासला स्पॅनिश शिकतेय, वाचून सगळं कळतं, पण मराठीत उतरवायला बसलं की गाडी अडते. पत्रात पाच वेळा ‘ते क्येरो’ आहे. डिक्शनरीत केरेर म्हणजे हवं असणं, म्हणजे ‘मला तू हवा आहेस’ असं लिहिलं मी, वाचून आईच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. ‘मी तुझ्यावर प्रेम करते’ लिहिलं तर हिंदी सिरीयल डब केल्यासारखं वाटतंय. एके ठिकाणी ‘ते क्येरो इ ते देसेओ’ असं एकत्र आहे, त्यातलं देसेओ म्हणजे इच्छा, वासना, आता हे आज्जीसमोर मी कसं वाचू? मग ‘ते एचो दे मेनोस’ आहे, दादा इकडं सुट्टीला आला की तिला काय होतं त्याबद्दल. ‘एरेस मी मेदिया नारान्खा’ म्हणजे तू माझं अर्धं संत्रं. ‘ओखाला तु आबुएला मे क्येरा’ हे आज्जीबद्दल आहे एवढं कळलं. आणि सगळ्यात शेवटी सहीच्या वर ‘तेस्तिमे’ असा एकच शब्द. त्याला मी ‘मला तुझ्याबद्दल आदर वाटतो’ असं लिहिलंय कारण एस्तिमादो आपण पत्रात महोदयसारखं शिकलोय, पण नवऱ्याला लिहिलेल्या पत्राचा शेवट असा कोण करेल?

मला ते गोडमिट्ट नकोय. तिनं जसं लिहिलंय तसंच आपल्या माणसांच्या कानावर पडलं पाहिजे. एवढीच इच्छा आहे.

इचलकरंजीचा_भाषावाला

छान प्रश्न आहे, आणि तुम्ही इंग्रजीला मधे घेताय म्हणून अडकताय असं मला वाटतं. मी पुण्यात स्पॅनिश शिकवतो, मूळ इचलकरंजीचा. पोरांना पहिल्या दिवशी सांगतो की मराठीतून थेट जा, वाट जवळची आहे.

केरेर हे लॅटिनच्या क्वाएरेरेपासून आलंय, त्याचा अर्थ शोधणं. शोधता शोधता ते हवं असणं झालं आणि हवं असता असता जीव लावणं झालं. ‘क्येरो उन काफे’ म्हणजे मला कॉफी हवी. पण माणूस समोर आला की शब्द तोच राहतो आणि अर्थ बदलतो. क्लासमध्ये मी हे उदाहरण देतो: ‘क्येरो उना सेक्रेतारिया’ म्हणजे मला ऑफिसात कामाला सेक्रेटरी हवी, कोणीही चालेल. मधे फक्त एक ‘आ’ घाला, ‘क्येरो आ उना सेक्रेतारिया’, की झालं माझं एका सेक्रेटरीवर प्रेम आहे. एवढ्याशा ‘आ’नं केवढा फरक पडतो म्हणून पोरं चकित होतात, पण हे आपल्याकडं रोज चालतं की. ‘मुलगी बघायला गेलो’ म्हटलं की कांदेपोहे आणि देण्याघेण्याची बोलणी डोळ्यासमोर येतात, ‘मुलीला बघायला गेलो’ म्हटलं की ती आजारी असेल, हॉस्टेलवर असेल, कोणीतरी ठराविक मुलगी आहे जिची काळजी वाटते. आपला ‘ला’ आणि त्यांचा ‘आ’ इथं एकच काम करतात.

त्यामुळं ‘ते क्येरो’मधलं हवंपण शोधूच नका, ते त्यातून कधीच मागं पडलंय. स्पेनमध्ये नवरा बायकोला, आई लेकराला, मैत्रीण मैत्रिणीला सगळे ‘ते क्येरो’च म्हणतात. ‘ते आमो’ पण आहे, पण स्पेनमध्ये ते गाण्यातलं, कवितेतलं वाटतं, रोज घरात म्हणायला जरा जड. मेक्सिको, अर्जेंटिनाकडं मात्र जोडपी ‘ते आमो’ सर्रास म्हणतात आणि तिथं ‘ते क्येरो’ एक पायरी खाली धरतात. म्हणून इंटरनेटवर जे वाचायला मिळतं की ते क्येरो म्हणजे थोडं प्रेम आणि ते आमो म्हणजे खरं प्रेम, ते तुमच्या वहिनीला लावू नका. ती वालेन्सियाची आहे, तिचं ‘ते क्येरो’ पूर्ण आहे.

पत्रात कुठं ‘मे गुस्तास’ असेल तर ते डोळे झाकून ‘मला तू आवडतोस’ करा. इंग्रजी बोलणारा तिथं महिनाभर अडखळतो, कारण त्याच्या वाक्यात मी कर्ता असतो. स्पॅनिशमध्ये आणि मराठीत आवडणारा माणूस कर्ता असतो आणि मी आपला ‘मला’ म्हणून बाजूला उभा. मला आंबे आवडतात, लोस मांगोस मे गुस्तान, क्रियापद आंब्याच्या मागं जातं, दोन्हीकडं. आणि दोन्ही भाषांत एखाद्याला नुसतं ‘मला तू आवडतोस’ म्हटलं की त्यात मैत्रीपेक्षा जास्त काहीतरी असतंच. माणूस फक्त बरा वाटतो, पटतो, असं सांगायचं तर ते ‘मे काए बिएन’ म्हणतात.

‘तेस्तिमे’ची गंमत आहे. ते स्पॅनिश नाहीच. ते वालेन्सियानो आहे, म्हणजे कातालानचंच वालेन्सियातलं रूप, बार्सिलोनाकडं शेवटचा स्वर बदलतो. १९८२ च्या स्वायत्ततेच्या कायद्यापासून तिथं स्पॅनिशबरोबर ती पण अधिकृत भाषा आहे. त्या भाषेत एस्तिमार म्हणजे आदर नाही, प्रेम. मूळ लॅटिन शब्द मोल करण्याचा, किंमत ओळखण्याचा, स्पॅनिशमध्ये तो कोरडा होऊन महोदय झाला आणि शेजारच्या भाषेत थेट काळजात गेला. वहिनीच्या घरी काय बोलतात विचारा एकदा. बरेच जण शाळा ऑफिसात स्पॅनिश आणि आजीशी वालेन्सियानो बोलतात. तसं असेल तर तिनं दीड पान सगळ्यांच्या भाषेत लिहून शेवटचा शब्द घरच्या भाषेत लिहिलाय.

रंकाळा_चौपाटी

एवढं कशाला, सरळ आय लव्ह यू म्हणा की. आजकाल आज्जीला पण कळतं.

मिरजकर_तिकटी

@रंकाळा_चौपाटी कळतं ओ, पण आय लव्ह यू ऐकलं की आज्जीला टीव्ही आठवणार, वहिनी नाही. आणि ती बिचारी स्वतःच्या भाषेत लिहिणार आणि मी तिसऱ्याच भाषेत वाचणार, मग वाचायचंच कशाला.

@भाषावाला सर, तेस्तिमेचं ऐकून अंगावर काटा आला. विचारलं मी लगेच. तिची आजी तिच्याशी फक्त वालेन्सियानोच बोलायची, दोन वर्षांपूर्वी गेली ती. मी तिथं आदर वाटतो असं वाचणार होते.

तांबडा_पांढरा

ताई, मी शिरोली एमायडीसीतनं मेक्सिकोला गेल्तो, कास्टिंगच्या कामाला, दीड वर्ष होतो तिकडं. व्याकरण बिकरण आपल्याला सरांएवढं येत न्हाई पण ऐकलंय लय.

एक म्हंजे ह्या लोकांच्या तोंडात लाडाचे शब्द सारखे असत्यात आणि सगळे शब्दाला शब्द लावून मराठीत आणाय गेला तर वाट लागंल. बाजारात भाजीवाली आमच्या सोबतच्या मॅडमना ‘मी रेइना’ म्हणायची, माझी राणी. (त्यांच्यात ‘मी’ म्हंजे माझा, माझी, हे पयल्या आठवड्यात लय घोळ घालतंय आपल्या डोक्यात.) मी सिएलो म्हंजे माझं आभाळ, मी बिदा म्हंजे माझं आयुष्य, कोरासोन म्हंजे काळीज. बायको नवऱ्याला गोर्दो म्हणत्या, जाड्या, आणि तो काटकुळा असला तरी म्हणत्या. विएखो म्हंजे म्हातारा, ते पण लाडानंच. आपल्याकडं न्हाई का ‘आमचं म्हातारं’ म्हणत्यात चाळिशीतल्या नवऱ्याला. तर पत्रात सिएलो असंल तर आभाळ लिवू नका, ‘राजा’ लिवा, ‘सोन्या’ लिवा, जे तुमच्या घरात चालतंय ते.

दुसरं, माझ्या रूमवर एक बोगोटाचा पोरगा होता, कोलंबियाचा. रोज रात्री बायकोला फोन. आणि बायकोला ‘उस्तेद’ म्हणायचा. आमाला क्लासमदी शिकवल्यालं की तु म्हंजे तू आणि उस्तेद म्हंजे आपण, साहेबाला वगैरे. मला वाटलं ह्यांचं भांडण झालंय. मग कळलं त्यांच्याकडं नवरा बायको, आई लेकरू, सगळीच उस्तेद म्हणत्यात आणि त्यात लय माया असत्या. मी त्याला सांगितलं की माझी आई माझ्या वडलांना आयुष्यभर ‘अहो’ म्हणत आल्या, आणि त्या अहोमदी किती प्रकार हायत, रागाचा अहो येगळा, काळजीचा येगळा, आणि कोण नसताना हळूच हाक मारत्या तो येगळा. तो म्हणाला अगदी तसंच. त्या दिवसापासनं आमची दोस्ती पक्की. तर ताई, वहिनीच्या पत्रात तु असंल तरी मराठीत वाचताना तू ठेवायचं का अहो, हे बगा ठरवून.

आणि एक इशारा देतो, तिचं घरचे लोक येतील तवा उपयोगी पडंल. आपण लग्नाबद्दल एक्सायटेड हाय असं सांगायला ‘एस्तोय एक्सितादा’ अजिबात म्हणू नका, त्याचा अर्थ अंगात कामभावना चढली असा होतो. मी प्लांट सुरू व्हायच्या दिवशी बोललो आणि एका सीनियर माणसानं मला बाजूला घेऊन प्रेमानं समजावलं, म्हणून सांगतोय. ‘एमोसियोनादा’ म्हणा. उकडतंय सांगायला ‘तेंगो कालोर’, ‘एस्तोय कालिएन्ते’ नव्हं. ‘एम्बारासादा’ म्हंजे लाजली न्हाई, गरोदर. आणि कोखेर हा शब्द स्पेनमदी बस पकडायला पण वापरत्यात, मेक्सिको अर्जेंटिनात तो चारचौघात उच्चारायचा न्हाई. २०२२ ला अर्जेंटिना फुटबॉलचा वर्ल्डकप जिंकल्यावर आपली पेठेतली पोरं स्पॅनिश शिकाय लागल्यात, त्यांना पण सांगून ठेवलंय.

शिवाजीपेठेतल्या_बाई

मी मराठीची शिक्षिका होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. स्पॅनिश मला येत नाही, पण वरचं सगळं वाचून राहवलं नाही म्हणून मराठीच्या बाजूनं लिहिते.

बाळ, ‘प्रेम करणे’ हे आपल्या बोलण्यातलं क्रियापदच नाही. आपल्याकडे प्रेम कोणी ‘करत’ नाही, ते ‘असतं’, ‘जडतं’, ‘बसतं’. जीव जडतो, जीव लावतो, जीव असतो. तुझ्या आज्जीनं तुझ्या आजोबांबद्दल कधी प्रेम हा शब्द काढला असेल असं मला वाटत नाही, पण ‘त्यांचा लई जीव होता माझ्यावर’ हे नक्की म्हटलं असेल. सर सांगतायत की ‘ते क्येरो’ नवऱ्यालाही चालतं, लेकरालाही, मैत्रिणीलाही. मग जीवच की तो. ‘माझा तुझ्यावर जीव आहे’ हे नवऱ्याला म्हणता येतं, नातवाला म्हणता येतं, गोठ्यातल्या म्हशीलाही म्हणता येतं आणि कुठंच खोटं वाटत नाही. शिवाय त्यात करतो-करतेचा प्रश्न येत नाही. तिच्या ‘ते क्येरो’त बोलणारी बाई आहे का पुरुष ते कळत नाही ना, तसंच इथंही कळत नाही.

आणि हवं असणं आणि माया करणं हे एकाच शब्दात कसं, याचं तुला इतकं नवल वाटायला नको. जुनी पत्रं काढून बघ घरातली. शेवटी काय लिहिलेलं असतं? ‘लोभ असावा ही विनंती.’ एरवी लोभ म्हणजे हाव, पैशाचा लोभ, पण पत्राच्या शेवटी तोच शब्द किती मऊ होतो. आणि संस्कृतमधला हा लोभ, इंग्रजीतला लव्ह आणि लॅटिनमधला लिबिदो हे तिन्ही एकाच मुळाचे. म्हणजे हावेतून मायेकडे जाण्याची ही वाट जुनी आहे, आपण पण चाललोय त्यावरून.

आता तुझ्या देसेओचं. वासना नको लिहूस, तो शब्द मुळात वाईट नव्हता पण आता त्याला मळ चिकटलाय. कामना पूजेतली वाटते. इच्छा फार कोरडी, इच्छा आइस्क्रीमचीही होते. माझ्या मते शब्द आहे ‘ओढ’. नदीला ओढ असते, माहेरची ओढ असते, आणि नवऱ्याची पण असते, अंगासकट असते. ऐकणाऱ्यानं जेवढं घ्यायचं तेवढं घ्यावं. आज्जीच्या पुढ्यात हा शब्द मान खाली घालायला लावणार नाही आणि वहिनीनं जे लिहिलंय त्यातलं काही गाळल्यासारखंही होणार नाही.

‘एचो दे मेनोस’ कुणीतरी फोड करून सांगा, मला अंदाज आहे पण खात्री नाही.

इचलकरंजीचा_भाषावाला

बाई, लोभाबद्दल वाचून मी दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. इतकी वर्षं वर्गात केरेर शिकवतोय आणि घरातली आजोबांची पत्रं कधी आठवली नाहीत. उद्यापासून हेच उदाहरण.

ओढीबद्दल मात्र मला जरा शंका आहे. देसेआर शुभेच्छेतही येतं, ‘ते देसेओ सुएर्ते’ म्हणजे तुला यश मिळो, आपल्या शुभेच्छेत पण इच्छा आहेच. पण पुढं काहीच न जोडता नुसतं ‘ते देसेओ’ म्हटलं की ते शरीराचं असतं, स्पष्टपणे. ओढ त्यामानानं सौम्य नाही का होणार? तिनं ते धाडस करून लिहिलंय, आपण भाषांतरात तिला सोवळं नेसवायचं का? आपल्याकडं पण शृंगार काय कमी होता का, लावणी आहे. आणि देवाबद्दल सुद्धा हीच भाषा वापरलीय लोकांनी. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत विठ्ठलासाठी झुरणारी बाई आहे, आणि स्पेनमध्ये सान खुआन दे ला क्रूस नावाचे संत होऊन गेले (१५४२ ते १५९१), त्यांना १५७७ च्या डिसेंबरात त्यांच्याच पंथातल्या लोकांनी तोलेदोला कोंडून घातलं होतं, आठ-नऊ महिने, त्या अंधाऱ्या खोलीत त्यांनी प्रियकराला शोधत निघालेल्या नवरीच्या कविता रचल्या. ती नवरी म्हणजे जीव आणि प्रियकर म्हणजे देव. तर अंगाची भाषा म्हणजे हलकी भाषा असं दोन्हीकडं कुणीच मानलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच की वहिनीला विचारा तिला नेमकं काय म्हणायचंय, मग ठरवा.

एचो दे मेनोसचं सांगतो. शब्दशः ‘मी तुला कमीनं टाकते’ असं काहीतरी विचित्र होतं. झालं असं की पोर्तुगीजमध्ये ‘आचार मेनोस’ म्हणजे कमी सापडणं, मोजायला गेलं तर एक कमी भरणं. ते स्पॅनिशमध्ये येताना आचारचं एचार झालं. मेक्सिकोकडं ‘ते एक्स्त्रान्यो’ म्हणतात, आणि एक्स्त्रान्यो म्हणजे परका, अनोळखी पण होतो. ‘मे आसेस फाल्ता’ असंही आहे, तुझी उणीव भासते.

शिवाजीपेठेतल्या_बाई

मोजायला गेलं तर एक कमी भरणं! अहो मग ‘चुकल्याचुकल्यासारखं होतं’ यापेक्षा जवळचं काय असणार? पाटावर माणसं बसलीत, ताटं वाढलीत आणि काहीतरी चुकतंय असं सारखं वाटतं ते. आणि रोजच्या बोलण्यात ‘करमत नाही’. तू नसलास की मला करमत नाही. परत तेच, ‘मला’ बाजूला उभी.

विचारा तिला, हे सरांचं पटलं. आपण तिच्या वतीनं लाजायचं कारण नाही.

तांबडा_पांढरा

संत्र्याचं राहिलं की. अर्धं संत्रं नका वाचू, लोक हसतील आणि पोरीला वाईट वाटंल.

इचलकरंजीचा_भाषावाला

हो खरंच. मेदिया नारान्खा म्हणजे एकाच फळाचा दुसरा अर्धा भाग, दोन्ही फोडी जुळवल्या तरच फळ पूर्ण. अर्धांगिनी चालणार नाही, ते फक्त बायकोला. पण मला स्वतःला ते फळ सोडवत नाही, कारण वालेन्सिया म्हणजे संत्र्यांचा मुलूख, तिनं सहज लिहिलं असेल तरी तिच्या अंगणातलं आहे ते. आणि नारान्खा हा शब्द आपल्याकडूनच गेलाय, संस्कृत नारंग, मग फारसी, मग अरबी, मग स्पेन. आपलं नारिंग तेच. ‘एका नारिंगाच्या दोन फोडी’ असं काही बसतं का बघा.

आणि ओखाला राहिलं. ते पण अरबीतून आलंय, स्पेनच्या मोठ्या भागात काही शतकं अरबी बोलली जायची त्याची खूण. देवाची मर्जी असली तर, अशा अर्थाचं. पुढचं क्रियापद नेहमी इच्छेच्या रूपात येतं, क्येरे न येता क्येरा. आपलं ‘देव करो आणि अमुक होवो’ हे त्याचं सख्खं भावंडं आहे, देवासकट.

मिरजकर_तिकटी

मंडळी, चार दिवस गायब होते, सगळं परत बसून लिहिलं. परवा रात्री वहिनीशी तासभर व्हिडिओ कॉल केला.

आधी ते देसेओ विचारलं, मलाच बोलताना घाम फुटलेला, पण ती अजिबात लाजली नाही. म्हणाली तुझा भाऊ सुट्टीवरून परत येतो तेव्हा मी एअरपोर्टला उभी असते, दार उघडतं, माणसं बाहेर यायला लागतात आणि तो दिसायच्या आधीच मी दोन पावलं पुढं गेलेली असते, माझे मलाच कळत नाही. हे सांगताना तिनं स्वतःच्या शर्टाची पुढची बाजू मुठीत धरून पुढं ओढून दाखवली. सर, मी तिला ओढ हा शब्द सांगायच्या आधी. मग मी सांगितलं की आमच्याकडं ह्याला ओढ म्हणतात आणि तेच क्रियापद दोरी ओढायला पण वापरतात, तर ती म्हणाली हाच, हाच लिही. त्यामुळं बाई आणि सर दोघांचं पण राहिलं.

अहोचं दादाला विचारलं, तो म्हणाला तिच्या तोंडी अहो नको, ती मला तूच म्हणते. मग तूच ठेवलं. सिएलोला ‘राजा’ केलं.

नारिंगाची फोड ठेवली. एचो दे मेनोसला मी दोन्ही वापरलं: ‘तू तिकडं गेलास की मला घरात करमत नाही, दोन कप कॉफी करते आणि मग सारखं चुकल्याचुकल्यासारखं होतं.’ दोन कप कॉफी तिच्या पत्रातच आहे, मी घातलेलं नाही.

काल दुपारी आज्जीला वाचून दाखवलं, आधी घरात एकदा ऐकू दे म्हणून. ‘माझा तुझ्यावर जीव आहे’ पाच वेळा आलं तरी एकदाही तिनं मान वर केली नाही, म्हणजे खटकलं नाही कुठंच. ओढीला पण नाही. मग आलं, ‘देव करो आणि तुझ्या आज्जीचा माझ्यावर जीव बसो.’ तिथं तिनं हातातली वात खाली ठेवली, वाती वळत बसलेली, आणि म्हणाली परत वाच. परत वाचलं. म्हणाली, माझं नाव हाय व्हय त्यात? मी म्हटलं तुझं नाव नाही पण तू आहेस.

आणि तेस्तिमेला मी शेवटी कोल्हापुरी केलं. सगळं पत्र साध्या मराठीत आणि शेवटची ओळ फक्त आपल्या बोलीत, ‘लय जीव हाय तुझ्यावर.’ तिच्या आजीची भाषा तिकडं, माझ्या आज्जीची इकडं.

आता नवीन काम निघालंय. वहिनीला ही शेवटची ओळ स्वतः म्हणायचीय. मी इंग्रजी अक्षरात लिहून पाठवली तर तिनं जीवचं ‘खीव’ केलं आणि हायचं ‘आय’, कारण त्यांच्यात जे म्हणजे ख आणि एच तर मुकाच. मग उलटं केलं, जीवला वाय लावला आणि हायला जे लावला. आज सकाळी तिचा व्हॉइस मेसेज आला. ‘लाय यीव हाय तुज्यावर.’ आज्जीला ऐकवला, तिनं फोन कानाला लावून तीनदा ऐकला आणि मला म्हणाली, तिला सांग, ‘लय’ जरा लांबव.